कडेची खुर्ची

“जवळ सरक की! चावतोय का मी?” मिलादिन बायकोवर खेकसला.

स्तानोयकाने खुर्ची उचलली आणि आणखी हातभर लांब नेऊन आपटली.

थडग्याचा दगड स्मशानात कधीचा उभा होता. दोघांची नावं कोरून झाली होती, मरणाचं साल तेवढं कोरं. राहिला होता त्यावर लावायचा दोघांचा फोटो, तोच काढायला आज ती दोघं स्टुडिओत आली होती. स्तानोयकाने घसा फोडून सांगितलं होतं, मेल्यावर मला माहेरच्या गावी न्या, माझ्या झागोर्काशेजारी ठेवा. झागोर्का तिची एकुलती एक लेक. आजोळी तापाने गेली, तिथेच तिला पुरली. पण मिलादिनचं एकच पालुपद, “बायको असून थडग्यात एकटा? गाव तोंडात शेण घालेल!”

फोटोग्राफर वेलिझारने रीळ उलटसुलट करून पाहिलं. मिलादिनने ते घरच्या माळ्यावरून शोधून आणलं होतं. तारीख केव्हाच उलटून गेलेली.

“काका, मेलंय हे रीळ. माझ्याकडचं ताजं घालू?”

“पाकीट फोडलेलं नाही अजून. दूध आहे का नासायला?”

“मग दोघं मधोमध चिकटून बसा. जुन्या रिळाच्या कडा आधी जातात.”

“ऐकलंस का, भवाने?”

“ऐकलं,” स्तानोयका म्हणाली आणि जागची हलली नाही. मिलादिन मात्र मधोमध ठाण मांडून बसला.

आठवड्याने दोघं फोटो न्यायला आले. मिलादिन जरा डागाळलेला, पण मिशीसकट ओळखू येत होता. शेजारी नुसतं पांढरं धुकं, त्यात खुर्चीचा एक पाय. स्तानोयकाचा पत्ताच नाही.

“हा लावू दगडावर? अख्खं गाव हसेल!” मिलादिन लालबुंद झाला. “घाल तुझं ताजं रीळ! काढ पुन्हा!”

स्तानोयकाने फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला. नवऱ्याच्या शेजारी आपण नाही, हे बघून तिला इतकं बरं वाटलं की हसूच फुटलं. तिने खुर्ची ओढून बरोब्बर मधे ठेवली, रुमालाची गाठ नीट केली आणि ताठ बसली.

मिलादिन घाईघाईने आपली खुर्ची तिला भिडवायला लागला.

“तू हो बाजूला. तुझा आलाय चांगला,” ती म्हणाली. “वेलिझार, काढ बाबा. एकटीचा. झागोर्काच्या दगडावर लावायचाय.”