सरांच्या पेशी

"सुई बदल, मळलेली असेल," मी आसावरीला म्हटलं.

डिशमध्ये आमच्या दिवंगत बोरवणकर सरांच्या पेशी होत्या. जाताना त्यांनीच लॅबला दिलेल्या. काचेच्या सुईने एकेक पेशी शोषायची, मास स्पेक्ट्रोमीटरला द्यायची आणि तिच्यात काय होतं ते पडद्यावर वाचायचं. पेशी त्यात मरतेच. पहिलीत काही वावगं नव्हतं. दुसरीपासून मात्र अ‍ॅड्रिनॅलिनची रेघ चढतच चालली होती.

नवी सुई आधी रिकामी तपासली, स्वच्छ निघाली. तरी पुढच्या पेशीत रेघ आणखी चढली.

"मॅडम, ह्या घाबरल्यात."

"काहीतरीच! न उघडलेली डिश आण."

तिने ती मायक्रोस्कोपखाली ठेवली. मी सुई उचलली आणि डोळा लावला. सगळ्या पेशी पलीकडच्या काठाला एकमेकींना चिकटून बसल्या होत्या.

आसावरी डिशवर वाकली.

"सर, घाबरू नका," ती हळूच म्हणाली, "आम्हीच आहोत."