बिनपंख्याचा कॉम्प्युटर

टीव्हीला जोडायला कॉम्प्युटर बनवून घ्यायचा म्हणून निवृत्त मास्तर माझ्या दुकानात आले, तेव्हा त्यांची एकच अट होती: आवाज नको. मी दाखवलेला प्रत्येक पंखा त्यांनी चालू करून कानाशी धरला आणि नको म्हणाले. शेवटी पंख्याशिवाय चालणारा, थंड डोक्याचा प्रोसेसर निवडला, पॉवर सप्लायही बिनपंख्याचा, आणि कुरकुरणाऱ्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी.

"एवढा आटापिटा कशासाठी, मास्तर?"

"ही गेली, मग लक्षात आलं. घरचे सगळे व्हिडिओ तिनेच काढलेले, त्यामुळे ती एकातही दिसत नाही. कॅमेरा हलेल म्हणून बोलायचीही नाही. फक्त श्वास ऐकू येतो. जुन्या कॉम्प्युटरची घरघर तोही गिळून टाकते."

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. "जरा येऊन जाता? आवाज येतोय."

पॉवर सप्लायच कुरकुरत असणार, म्हणून मी दुसरा घेऊन गेलो. टीव्हीवर तरुणपणीचे मास्तर सायकल पुसता पुसता थबकले होते. व्हिडिओ थांबवून ठेवलेला होता. मी कॉम्प्युटरला कान लावला. तो गप्प होता. श्वास मात्र येत होता, संथ, सोफ्याच्या मागून. मी घाईघाईने एक्स्टेन्शन बोर्डाचा प्लगच उपटला. टीव्ही काळा झाला. श्वास चालूच राहिला.

माझ्या हातातला नवा पॉवर सप्लाय बघून मास्तर ओशाळले.

"अहो, बदलायचं काही नाहीये. तुम्हालाही ऐकू येतोय ना, एवढंच विचारायचं होतं."