खिंडीअलीकडची गाठ

बुबुसाराने दोरा जिभेवर ओला केला आणि नकाशावरच्या आपल्या गावाच्या ठिपक्यावर त्याचं टोक अंगठ्याने दाबून धरलं.

नकाशा शाळेच्या भिंतीवरून काढून टेबलावर पसरला होता. कोपरे वळू नयेत म्हणून तोकतोसुनने हाताला लागेल ते ठेवलं होतं. खडूंची पेटी, दाराचं कुलूप, चहाचे वाडगे. बुबुसारा या शाळेतली बाई, भूगोलाच्या तासाला ती मुलांकडून दोऱ्याने हेच करून घ्यायची. नदी मोजा, रेल्वेचा रूळ मोजा, तळ्याचा काठ मोजा.

"जरा हात उचला, एजे," तोकतोसुन म्हणाला. सगळं गाव तिला एजेच म्हणायचं, थोरली बहीण. गावात चालू जीप त्याच्या एकट्याचीच होती, आणि आता बाहेर त्या जीपच्या मागच्या बाकावर, गोधड्यांत गुंडाळलेली, बुबुसाराची सून नुरिपा पडली होती. मूल पोटात आडवं आलं होतं. दिवस मावळायच्या आत शहरातल्या इस्पितळात पोचवा, असं सांगून गावच्या नर्सने पहाटेच हात टेकले होते. घोड्यावर बसवावं अशी नुरिपाची अवस्था उरली नव्हती. मुलगा रशियात, कुठल्याशा इमारतीवर कामाला. त्याला अजून काही कळवलं नव्हतं.

जवळचा रस्ता सीमेवरच्या चौकीतून जायचा. सकाळी ते तिथवर जाऊन आले होते. मागे गोळीबार झाला तेव्हापासून फाटक बंद होतं. पहाऱ्यावरच्या शिपायाने गाडीत डोकावून पाहिलं, मान खाली घातली, पण फाटक काही उघडलं नाही. नकाशा जुना, सीमेअलीकडचं-पलीकडचं सगळं मिळून एकच देश होता तेव्हाचा. त्यावर चौकी नव्हती, तार नव्हती. पण आता उरला होता तो फक्त खिंडीतला रस्ता.

"पेट्रोल कुठवर जाईल?"

"चढ आहे, वर बर्फ. साठ किलोमीटर गेलं तर नशीब म्हणायचं. पण एकदा खिंड गाठली ना, की पलीकडे उतारच उतार. इंजिन बंद करून नुसती सोडून देतो बघा. थेट इस्पितळाच्या दारात."

"कोणाकडे डबाभर तरी असेल."

"टँकर त्याच फाटकातून यायचा, एजे. ट्रॅक्टरवाल्यांकडे डिझेल आहे, ते माझ्या या म्हातारीला पचत नाही."

नकाशाच्या तळाला प्रमाणाची पट्टी होती. तिच्यावर दोरा धरून बुबुसाराने साठ किलोमीटरवर गाठ मारली. मग ती रस्त्यावरून दोरा बसवत निघाली. वळण आलं की नखाने दाबायचं, दोरा फिरवायचा, पुन्हा दाबायचं. डोंगर चढताना रस्ता आतड्यासारखा गुंडाळलेला होता. गाठ खिंडीच्या बोटभर अलीकडे येऊन थांबली.

तिने दोरा उचलला आणि पुन्हा टाकला. या वेळी तिचा हात भराभर चालला. गाठ बरोब्बर खिंडीवर बसली.

"पुरतंय," ती म्हणाली.

तोकतोसुन वाकून बघत होता. "एजे, वळणं खाल्लीत तुम्ही."

"माहीत आहे मला."

"तुम्ही खाल्लीत म्हणून गाडी थोडीच खाणार आहे?"

"मग काय करू? चहा टाकू? बोटभर कमी पडतंय म्हणून तिला घरी नेऊन निजवू?"

तो सरळ उभा राहिला. खिशातून किल्ली काढून बाहेर गेला.

गाडी चढाला लागली तेव्हा नुरिपाने डोळे उघडले. तिचं डोकं बुबुसाराच्या मांडीवर होतं.

"अपा, पेट्रोल पुरेल ना?"

"पुरेल. मी मोजलंय."

सासूला अपा, म्हणजे आई, म्हणणारी नुरिपा लहानपणी तिच्याच वर्गात बसायची. बाईंनी मोजलंय म्हटल्यावर तिने डोळे मिटून घेतले.

मग ती वळणं आली. एकामागून एक, सगळी. तोकतोसुन गाडीला शिव्या घालत होता, मग गोंजारत होता, मग नुसता पेट्रोलच्या काट्याकडे बघत राहिला. दुपार कलली. इंजिनाला ठसका लागला, पुन्हा लागला, आणि गाडी उभी राहिली. खिंड समोर दिसत होती. दोघांनी खांदा लावून पाहिला. गाडी पुढे जायच्या ऐवजी मागेच सरकायला लागली, तेव्हा तोकतोसुनने चाकाखाली दगड सारला. फोनला रेंज नव्हती. तो नुरिपाशेजारी जाऊन बसला, तिचे हात चोळायला लागला.

बुबुसारा रस्त्याच्या कडेला धावली. खाली तुटलेला कडा, कड्याखाली सीमेची तार, आणि तारेला लागून पलीकडच्यांची वस्ती. इतकी जवळ, की एका अंगणात दोरीवरचे कपडे काढणारी बाई स्पष्ट दिसत होती. कपडे गोठून फळीसारखे ताठ झाले होते. तिच्या पायाशी एक पोर बर्फात खेळत होतं.

बुबुसाराने दोन्ही हात वर केले आणि ओरडली. वारा उलटा होता. ती पुन्हा ओरडली, शाल काढून हलवली, घसा फाटेस्तोवर ओरडली. शेवटी त्या बाईने वर पाहिलं. कपाळाशी आडवा हात धरून नीट पाहिलं.

मागे जीपचं दार वाजलं. तोकतोसुन येऊन तिच्याजवळ उभा राहिला. मयतासाठी दुवा मागून झाल्यावर फिरवतात तसे त्याने दोन्ही तळवे कपाळापासून हनुवटीपर्यंत तोंडावरून फिरवले.

"एजे," तो म्हणाला, "आता नका हाका मारू."

बुबुसाराचे हात खाली आले.

खालच्या बाईने काखेतले कपडे दोरीवर टाकले, पोराला उचलून कडेवर घेतलं, आणि वरच्या पाहुण्यांना हात करायला त्याला शिकवू लागली.