चोक सोडल्यावर

श्रद्धाने सासऱ्यांच्या जुन्या स्कूटरचं इंजिन स्वतः खोलून पुन्हा बांधलं, पण ॲक्सिलरेटर सोडला की स्कूटर थरथरायची आणि बंद पडायची. चोक ओढला की मात्र शहाण्यासारखी चालायची. "आज नाही चालली तर उद्या भंगारात," सासूबाईंनी पायरीवरूनच बजावलं.

"आई, हिला हवा जास्त मिळतेय, पेट्रोल कमी," म्हणत श्रद्धाने कार्बोरेटरच्या जोडावर क्लीनरचा फवारा मारला. इंजिनचा आवाज लगेच बदलला. हवा तिथूनच घुसत होती! जोडात नवं गॅस्केट बसवून तिने किक मारली, हवा-पेट्रोलच्या मिक्श्चरचा स्क्रू अलगद फिरवला, चोक सोडला, आणि इंजिन असं संथ, एका लयीत फटफटू लागलं की श्रद्धा पार्किंगमध्येच नाचायला लागली.

सासूबाई उठल्या. पदर खोचून थेट हँडलपाशी आल्या.

"सरक मागे."

"आई, तुम्हाला येते चालवता?"

उत्तराआधी गिअर पडला. श्रद्धा कशीबशी मागे बसली. गेटच्या वळणावर स्कूटर अशी झुकली की दोघी एकदमच किंचाळल्या आणि हसत सुटल्या.

वरून गॅलरीतून सासरे ओरडले, "श्रद्धा, घट्ट धर गं! खडकीच्या फॅक्टरीत जाताना मी हिच्या मागे डोळे मिटूनच बसायचो!"