शर्यतीच्या होडीचं वजन

खोटं वाटेल, पण काटा मी स्वतःच लावायला सांगितला होता. नात वेदिकासाठी शर्यतीची जुनी होडी बघायला दिंडोरीला लंकाबाईंकडे गेलो होतो. होडी त्यांच्या रुद्रची. पोरगा गेल्या वर्षी धरणात बुडाला. एकट्यानं वल्हवायची अशी होडी चौदा किलोची असते, पाणी मुरलं की जड होते. आम्ही दोघांनी ती कशीबशी उचलून द्राक्षांच्या काट्यावर ठेवली. आकडा आला चौऱ्याहत्तर!

"लय पाणी प्यायलीय हो ही. निम्म्या भावात द्या."

"पोराची वस्तू निम्म्यात नाय द्यायची, दादा." लंकाबाईंनी वाकून रिकाम्या सीटवर हात ठेवला. "रुद्रा, उतर रे जरा. गिऱ्हाईक आलंय."



काटा चौदावर आला.