चौकटीबाहेर

"पहिला पर्याय भरा आणि मोकळ्या व्हा," मुख्याध्यापक म्हणाले. "दूरची साम्राज्यं. मार्क खोऱ्याने पडतात. शिवाय तिथले सगळे कधीच मेलेत. कुणाचा नातू शाळेच्या दारात भांडायला येत नाही."

इतिहासाच्या बाईंनी अर्जावर बोट ठेवलं. "मला तिसरा हवाय. आपलंच शहर, पन्नास वर्षांपूर्वीचं."

"पोरांना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. घरी कुणी बोलत नाही, पुस्तकात एक ओळ नाही. लिहितील काय, कप्पाळ?"

"लिहून बघू दे की त्यांना."

"बघा. कोरे कागद आले की मुकाट्याने पहिला पर्याय भरायचा."

चार वाजता परीक्षा मंडळाचा माणूस अर्ज न्यायला येणार होता. एकदा निवडलेला अभ्यासक्रम पुढची दहा वर्षं बदलता येत नव्हता. आणखी दहा वर्षं तोंड शिवून बसायला हे शहर एका पायावर तयार होतं.

बाईंनी अकरावीच्या वर्गात नमुना प्रश्न वाटला. एक जुना फोटो. याच शाळेचं मैदान, त्यावर दप्तरांच्या चार सरळ रांगा. मूल एकही नाही. खाली प्रश्न: चौकटीबाहेर काय असावं?

अडतीस मुलं. एरवी दोन ओळी लिहायच्या तर हात दुखणारी. आज कुणी शेजारी डोकावलं नाही. कुणी पाणी प्यायला उठलं नाही. चाळीस मिनिटं नुसता पेनांचा आवाज.

बाईंनी कागद चाळले. अडतीस हस्ताक्षरं, मजकूर एक. पायऱ्यांवर मुख्याध्यापक उभे आहेत. हातात हजेरीपट आहे. ते नाव घेतात, मूल 'हजर' म्हणतं, दप्तर खाली ठेवतं आणि फाटकाबाहेरच्या गाडीत चढतं. गाडीशी बंदुका घेतलेले लोक आहेत. त्यांना काही घाई नाही. पळत कुणीच नाही, कारण सरांनी नाव घेतलं की ओ द्यायची असते.

"कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

"कुणी नाही, बाई," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. "फोटोत दिसतंय की."

बाईंनी गठ्ठा मुख्याध्यापकांपुढे टाकला. "तेव्हा तुमचे वडील होते ना या खुर्चीत?"

त्यांनी तीन कागद वाचले. चौथा वाचला नाही. "फितवलंत तुम्ही पोरांना! एकेकाला उभं करतो. पालकांना बोलावतो. आणि तुम्ही उद्यापासून येऊ नका."

हजेरीपट उचलून ते तडक वर्गात गेले. बाई अर्ज घेऊन मागोमाग.

"नाव घेतलं की उभं राहायचं!"

पहिलं नाव. ज्याचं होतं तो समोरच बसला होता, सरांच्या तोंडाकडे बघत. उठला नाही. दुसरं नाव. तिसरं. सर ओरडून ओरडून घामाघूम झाले. अडतीस नावं संपली. अडतीस पोरं ढिम्म.

सरांचं बोट खालच्या कोऱ्या ओळीवर सरकलं आणि त्यांच्या तोंडून आणखी एक नाव निघालं. जुन्या वळणाचं, आता कुणी पोरांना ठेवत नाही असं.

"हजर," खिडकीपाशी बसलेली मुलगी म्हणाली.

सरांनी तोंडावर हात दाबला. हाताआडून पुढचं नाव आलं.

"हजर," मागच्या बाकावरून.

"गप्प करा त्यांना," सर बाईंना म्हणाले. आवाज पार बसला होता. "बाई, तुमच्या पाया पडतो. वडील झोपेत घ्यायचे ही नावं. रोज. मी आजवर कुणाजवळ बोललो नाही हो."

 बाईंनी अर्ज टेबलावर ठेवला, तिसऱ्या चौकोनात खूण केली आणि पेन पुढे धरलं.

"सही करा, सर," त्या म्हणाल्या. "नाहीतर पुढचं नाव घ्या."