गोदामाची जागा

आयुष्यभर गवंडीकाम केलेल्या बाबांना लेकीची नोकरी काही केल्या उमगत नव्हती. "दिवसभर संगणकावर नकाशे रंगवतेस, त्यातून उभं काय राहतं ते एकदा दाखव तरी."

सुट्टीच्या दिवशी ती त्यांना स्कूटरवरून गावाबाहेरच्या तळ्यावर घेऊन गेली.

"इथे तर काहीच नाही," बाबा म्हणाले.

"हे तळं बुजवून इथे मोठं गोदाम होणार होतं. पावसाचं पाणी कुठून येतं, पक्षी कुठे उतरतात, ते सगळं मी नकाशावर एकावर एक मांडून दाखवलं. मग ते गोदाम एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात गेलं."

बाबा काठाकाठाने एक चक्कर मारून आले. थोड्या वेळाने गळ घेऊन आलेला एक माणूस काठावर टेकला.

"जरा जपून बसा हं," बाबा त्याला म्हणाले, "आमच्या लेकीचं काम आहे."